गाडीचं तोंड घराकडं

आमची गाडी दिवसभर गुणाची होती. दुपारी बारामतीच्या बाजारात, तिन्हीसांजेला इंदापूरच्या स्टँडसमोर, कुठंही किल्ली फिरवा, पहिल्या हाकेला ओ द्यायची. पण सकाळी सात वाजता, आमच्याच अंगणात, तिला माझं तोंड बघवत नसे. किल्ली फिरवली की कर्र कर्र असा आवाज, म्हातारा माणूस जिना चढताना करतो तसा. मग थोडा खोकला. मग ढगभर पांढरा धूर. आणि मग अशी शांतता, की पलीकडच्या चारीतलं पाणी वाहताना ऐकू यावं.

या शांततेत दोन माणसं माझ्याकडे बघत असायची. ओट्यावरून माझे वडील, म्हणजे आबा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको. आबांच्या नजरेत कुतूहल असायचं. बायकोच्या नजरेत तारीख असायची.

तारखेचं सांगतो, कारण त्यात सगळा दोष माझ्या तोंडाचा आहे. बायको बारावी झाली आणि माझ्या घरात आली. पंचवीस वर्षं तिनं माझ्याबरोबर उसाची रोपं वाढवली. कळंबच्या अलीकडे रस्त्याला लागूनच आमची रोपवाटिका आहे आणि तिच्या मागे घर. तीन वर्षांपूर्वी तिनं कुणाला न सांगता मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा फॉर्म भरला. मी विचारलं, "आता या वयात कशाला?" तर म्हणाली, "अर्धवट राहिलेलं मला घरात ठेवायला आवडत न्हाय." तिला नोकरी नको होती, फोटो नको होता. पुरं करायचं होतं, बास. आता शेवटचं वर्ष, थंडीतली परीक्षा, सहा पेपर, केंद्र बारामतीला, वेळ सकाळी नऊची. अर्ध्या तासापेक्षा उशीर झाला की आत घेत नाहीत, आणि एक पेपर हुकला की पदवी पुढच्या खेपेवर.

आता माझं तोंड. मला समोर चार माणसं दिसली की आतून घोषणा उसळते. मी ग्रामपंचायतीला उभा राहिलो नाही हे गावाचं नशीब. दिवाळीच्या पाडव्याला अंगण पाहुण्यांनी भरलं होतं, हातात लाडू होता, आणि मी आवाज लावला, "सहाच्या सहा पेपरला हिला गाडीतनं नेणार! हितनं बसायचं, तितं उतरायचं. पायाला धूळ लागू देणार न्हाय!" मेहुण्यानं टाळी वाजवली. बायको चकल्यांचा डबा घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बघू."

त्याच आठवड्यात थंडी पडली आणि गाडी सकाळची आजारी पडायला लागली.

उसाच्या रोपवाटिकेचा धंदा असला की सकाळी दारात गिऱ्हाईक असतं. रोपांचे ट्रे पिकअपमध्ये भरायचे, ऊन चढायच्या आत शेतावर पोचायचं, अशी घाई असते. पण दुसऱ्याची गाडी बंद पडलेली दिसली की आमच्या भागात कुणालाच घाई उरत नाही. माणूस गाडीतून उतरतो, खिशात हात घालतो, बॉनेटपाशी येतो आणि गंभीर होतो. बॉनेट उघडून आत बघणं हा आमच्याकडचा मोठा सन्मान आहे. नवरदेवाचा मान एकाला मिळतो, हा सगळ्यांना मिळतो.

बावड्याचे एक तात्या दर चार दिवसांनी रोपं न्यायला यायचे. त्यांनी कानाला हात लावून गाडीचा आवाज ऐकला आणि निकाल दिला, "बॅटरी गेली."

बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी तोच कर्र कर्र, फक्त जास्त जोरात.

"मग सेल्फ," तात्या म्हणाले. किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देतो तो सेल्फ. तो काढला, साफ केला, बसवला. इंजिन आता झोकात फिरायचं, पेटायचं मात्र नाही.

"मग हीटर प्लग," तात्या म्हणाले. डिझेल गाडीला थंडीत आतून ऊब देणारे हे प्लग. चारही बदलले. गाडी उबदार झाली असेल. ओ काही देईना.

"मग ड्रायव्हर," तात्या म्हणाले आणि रोपं घेऊन निघून गेले.

शेवटी मी गाडी इंदापूरच्या मिस्त्रीकडे नेली. मोठा सज्जन माणूस, बोलतो कमी, आणि माझ्यासारखं गिऱ्हाईक समोर आलं की त्याहून कमी. मी त्याला सकाळचा सगळा प्रवेश करून दाखवला: कर्र कर्र, खोकला, धुराचे हातवारे. गॅरेजमधली दोन माणसं चहा घेऊन बघायला आली. मिस्त्री म्हणाला, "दोन रात्री ठेवून जा."

दोन्ही सकाळी गाडी अर्ध्या किल्लीत सुरू झाली.

"आण्णा, गाडीला काय बी झालेलं न्हाय," तो म्हणाला.

"आरं पण घरी होत न्हाय!"

"मग घरात बघा काय झालंय ते," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली सरकला.

तापानं फणफणलेलं पोर डॉक्टरपुढं जाऊन खिदळावं, तसा प्रकार. मी गाडी घरी आणली, लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा जिना चढायला लागली. त्या दिवशी मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो तेव्हा हॉर्न वाजला. आबा ओट्यावरून म्हणाले, "हॉर्न चांगला हाय."

पहिल्या पेपरच्या दिवशी साडेपाचपासून गाडीशी बोलत होतो. आधी गोड बोललो, मग शिव्यांवर आलो, मग पाया पडलो. किती वेळा किल्ली फिरवली ते मोजायचं सोडून दिल्यावर ती भडकून उठली. बारामतीच्या केंद्राच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा घंटा होत होती. बायको पदर खोचून पळाली. मी गाडीपाशी उभ्या अनोळखी माणसाला सांगितलं, "शेवटचं वर्ष आहे तिचं." तो म्हणाला, "इथं सगळ्यांचंच आहे."

दुसऱ्या पेपरला धक्का. आता आमच्या अंगणाचं सांगायला हवं. मागं चारी असल्यामुळे जमिनीला ओल धरते, म्हणून आबांनी घराचं जोतं चांगलं उंच बांधलं आणि दारापासून रस्त्यापर्यंत भराव टाकून उतार काढला. गाडी या उतारावर उभी असते, तोंड वर घराकडं, पाठ खाली रस्त्याकडं. म्हणजे धक्का मारायचा तर उलटा. रोपं न्यायला आलेली चार माणसं बॉनेटला खांदा लावून गाडी मागे ढकलतायत, मी मान वळवून रिव्हर्सचा गिअर धरलाय, मागच्या सीटवर बायको मांडीवर पुस्तक घेऊन बसलीय, आणि आम्ही सगळे उलटे रस्त्यावर उतरतोय. नेमका उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं टेपचा आवाज कमी केला आणि विचारलं, "कुठं निघाला?"

"परीक्षेला!" मी ओरडलो.

"मग तोंड पुढं करून जावा की!"

गाडी सुरू झाली.  वाटभर बायकोनं पुस्तकाचं एकही पान उलटलं नाही, हे मी आरशात बघितलं.

तिसरा पेपर अर्थशास्त्राचा. या पेपरची तिला धास्ती होती. त्या दिवशी गाडी जिनासुद्धा चढली नाही. आधीच्या दिवसांच्या झटापटीत नवी बॅटरीही दमली होती. दोनदा टक टक झालं आणि संपलं. धक्का मारायला गिऱ्हाईक नाही, कारण दाट धुकं. मी बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिलो. खरं सांगतो, बॉनेटमध्ये काय कुठं असतं हे मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं. मी फक्त बघत होतो. 

"मोटारसायकल काढा," बायको म्हणाली.

पस्तीसेक किलोमीटर, धुकं, पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. ट्रॉलीच्या बाहेर आलेले ऊस तोंडावर येतात, ओलांडता येत नाही, मागं राहिलं की वेळ जातो. तिनं माझ्या स्वेटरच्या खिशात हात घातले होते, तरी मला त्यांचा गारवा पाठीपर्यंत कळत होता. आम्ही पोचलो तेव्हा अर्ध्या तासाला पाचच मिनिटं कमी होती. फाटकावरच्या माणसानं घड्याळ बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि सोडलं.

मी बाहेर चहाच्या टपरीवर उभा राहिलो. तीन तास. 

ती बाहेर आली तेव्हा उजवा हात डाव्या हातात धरला होता. "बोटं वळत नव्हती," ती म्हणाली. "पयला अर्धा तास पेनच धरता येईना. शेवटचा प्रश्न राहिला."

"मोठा होता?"

"व्हय."

येताना रस्त्यात मी तीनदा "अगं" म्हणालो आणि तिन्ही वेळा पुढचं काही सापडलं नाही.

चौथा पेपर एक दिवस सोडून होता. मधल्या दिवशी सकाळी बॅटरी चार्जिंगला लावून मी ओट्यावर आबांशेजारी बसलो होतो, दोघेही गाडीकडे बघत. बायको रोपांना पाणी द्यायला विहिरीवरच्या पंपापाशी गेली. आमच्या पंपाचा फूटव्हॉल्व झिजलाय. फूटव्हॉल्व म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी असलेली झडप. ती नीट मिटली नाही की रात्रभरात पाइपातलं पाणी खाली उतरून जातं, आणि सकाळी मोटार नुसती हवा ओढत घुमते. मग वरून तांब्यानं पाणी ओतून पाइप भरायचा, तेव्हा ती पाणी धरते. हे काम रोज सकाळी बायकोच करते. वर्षभर मी म्हणतोय फूटव्हॉल्व बदलू.

त्या दिवशी ती तांब्या घेऊन गेली आणि मोटारीचा आवाज आलाच नाही. थोड्या वेळानं ती तांब्या हातात तसाच घेऊन अंगणात आली आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"अहो, ही गाडी बाहेरगावी कधी अडली?"

"न्हाय."

"माझ्या माहेरी, सांगवीला, दोन दिवस होतो तवा?"

"एका किल्लीत."

"मिस्त्रीकडं?"

"अर्ध्या."

"तितली जागा सपाट हाय. सांगवीचं अंगण बी सपाट." ती गाडीच्या मागे गेली. "डिझेलची टाकी कुठं असती हिची?"

"तितंच, मागं. तुझ्या पायापाशी."

"आन् इंजिन पुढं. वर." तिनं तांब्यानं उतार दाखवला. "मग रात्रभर ते डिझेल काय करत आसंल?"

मी टाकीपासून इंजिनापर्यंत नजर नेली. मला दिसलं. इंजिनापाशी पाइपाला कुठंतरी बारीक चीर, तिथून आत शिरणारी हवा, आणि उतारानं गुपचूप टाकीत परतणारं डिझेल. सकाळी इंजिन बिचारं रिकामा पाइप चोखतंय. आमच्या विहिरीवरच्या मोटारीसारखं. बावड्यापासून इंदापूरपर्यंत सगळ्यांनी कान लावला होता आणि जिनं रोज पाइपात पाणी ओतलं तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्यात मीही होतो.

"मग सोपं हाय!" मी उडी मारली. "मिस्त्री चीर शोधंल तवा शोधंल. तवर गाडी फिरवून लावू. तोंड रस्त्याकडं, खाली. टाकी वर!"

"न्हाय," आबा म्हणाले.

आबांचा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. गाडी म्हणजे लक्ष्मी. तिचं तोंड घराकडं पाहिजे, म्हणजे ती आत येते. रस्त्याकडं तोंड केलं की निघाली. याला पुरावाही आहे. आमच्या घरातलं पहिलं वाहन म्हणजे एक मोपेड. ती एकदा रस्त्याकडं तोंड करून लावली आणि त्याच रात्री चोरीला गेली. चोराला ती वळवावी लागली नाही, एवढाच माझ्या मते त्यातला बोध. पण आबांच्या मते लक्ष्मी पाठ फिरवून गेली. तेव्हापासून सायकलसुद्धा या अंगणात घराकडं बघत उभी राहते.

"आबा, निस्त्या तीन दिवसांचा प्रश्न हाय," मी म्हणालो.

"लक्षुमीला जायला तीन दिवस लागत न्हाईत."

"आबा, डिझेल उतारानं जातं. हे शास्त्र हाय."

"मोपेड बी उतारानंच गेली."

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. इथं माझी खरी परीक्षा होती. शहात्तर वर्षांच्या बापाला काय सांगायचं? आणि काल ज्या बोटांना पेन धरता आलं नाही त्यांना काय सांगायचं? चार माणसांपुढं घोषणा करणारा मी, दोन माणसांमध्ये उभा राहून घसा खाकरत होतो.

बायको ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. तांब्या बाजूला ठेवला.

"आबा, लक्ष्मी रात्रभर घराकडं बघत बसती, आन् सकाळी मी दारात उभी. काल शेवटचा प्रश्न राहिला माझा. उद्याचा सगळा पेपर राहील. तुमी म्हनताल तसं."

 आबा काठी घेऊन उठले आणि आत गेले. मला वाटलं, संपलं.  चारच्या चहाला आबा मला म्हणाले, "उठ. फिरव गाडी."

चार्ज झालेली बॅटरी बसवून, मध्ये दोनदा दम खाऊन, मी ती कशीबशी सुरू केली, रस्त्यावर नेली आणि उलटी चढवून लावली. मागच्या दोन चाकांना दगड लावले. पंचवीसेक वर्षांत पहिल्यांदा आमच्या अंगणात एका वाहनानं घराला पाठ दाखवली. आबा जवळ आले. गाडीची खिडकी उघडायला लावली, आत हात घातला आणि मधला आरसा धरून हळूहळू फिरवू लागले. थोडा डावीकडं, थोडा वर. मग मला म्हणाले, "बस आन् बघ. दार दिसतंय का?"

मी सीटवर बसलो, मान आबांनी सांगितली तशी वाकडी केली. आरशात आमच्या घराचं दार, तोरणासकट.

"दिसतंय."

"मग तिला बी दिसतंय. हात लावू नको त्याला."

सकाळी किल्ली फिरवली. अर्धी. गाडी अशी सुरू झाली की मीच दचकलो. बायकोनं दार लावून घेतलं आणि पदराच्या टोकानं डोळे पुसले; धूर गेला होता की काय, मला माहीत नाही. धूर तर नव्हता. ओट्यावरून आबांनी हात वर केला. आरशात मला मागचा रस्ता मुळीच दिसत नव्हता, फक्त घराच्या वरचं आभाळ दिसत होतं. पहिल्या वळणापलीकडे, आबांच्या नजरेच्या बाहेर, मी गाडी थांबवून तो सरळ केला. संध्याकाळी परतताना त्याच वळणावर बायको म्हणाली, "थांबा, आरसा." आणि तिनंच तो पुन्हा दाराच्या बेताला वाकडा केला.

पाचव्या पेपरला ती लिहीत असताना मी बारामतीतल्या एका गॅरेजात गेलो आणि ऐटीत म्हणालो, "इंजिनापाशी कुठंतरी हवा ओढतंय, रात्री डिझेल मागं उतरतं." मिस्त्रीनं फिल्टरजवळचा रबरी पाइप वाकवला. नखाएवढी चीर. "बरोबर ओळखलं की तुमी," तो म्हणाला. मी मान हलवली. हो, हलवली. हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. आता इथं लिहिलंय म्हणजे कळेलच.

सहावा पेपर झाला. उन्हं तापायला लागल्यावर निकाल आला, मोबाइलवर. बायको रोपांच्या ट्रेमध्ये माती भरत होती, हात पुसून तिनं तो लांब धरून वाचला. आबा ओट्यावर, मी ट्रेच्या थप्पीपाशी.

"पाच निघाले," ती म्हणाली. "अर्थशास्त्र राहिलं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे एक भाषण तयार होतं. गाडीचं, धुक्याचं, ट्रॉल्यांचं, माझ्या घोषणेचं, मी कसा नालायक आणि ती कशी थोर, असं सगळं. आवाजही लावला होता.

"हे बघ, त्या दिवशी माझ्यामुळं—"

"थांबा," ती म्हणाली. तिचं बोट मोबाइलवर खाली खाली सरकत होतं. "पुढच्या फॉर्मची मुदत कधीपर्यंत हाय, ते बघू द्या."